२०-३० किलो उतरवताय? मग कंबरेचं गणित आधी समजून घ्या

कंबर दुखते म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे जा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी वजन कमी करा". सल्ला बरोबरच आहे हो, पण पुढचं कोणी नीट सांगत नाही, म्हणजे किती वेगाने उतरवायचं, काय खायचं, कोणता व्यायाम कधी सुरू करायचा, आणि एवढं करून वजन उतरल्यावर कंबर भलत्याच जागी दुखायला लागली तर काय समजायचं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी बॅरिॲट्रिक ऑपरेशन (वजन उतरवण्यासाठी जठरावर करतात ते) झालेले पेशंट यायचे, आणि २०२५ मध्ये माउंजारो, वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आल्यापासून इंजेक्शनवाले पण यायला लागलेत, सगळ्यांना तेच तेच सांगून तोंड दुखतं म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. पाच-सात किलो उतरवायचे असतील तर एवढा विचार करायची गरज नाही, १५, २५, ४० किलोवाल्यांसाठी हे आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वजन उतरणं कंबरेच्या फायद्याचंच आहे, पण उतरलेल्या वजनात चरबी किती गेली आणि स्नायू किती गेले, यावर कंबरेचं पुढचं सगळं ठरतं. काटा हे दाखवत नाही.

वजनाने कंबर दुखते म्हणजे आत काय होतं

मानेपासून कंबरेपर्यंत २४ हलणारे मणके आणि त्यांच्यामध्ये गादीसारख्या २३ चकत्या (डिस्क). पोटाचं वजन या कण्याच्या पुढे लटकतं आणि ते पुढे असणं हाच खरा प्रॉब्लेम आहे, कारण माणूस पुढे झुकू नये म्हणून पाठीमागच्या स्नायूंना दिवसभर मागे ओढून धरावं लागतं, मग पुढचं ओझं आणि मागची ओढ या दोन्हींचा दाब उतरतो तो सगळ्यात खालच्या दोन चकत्यांवर, एल-४ एल-५ (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) आणि एल-५ एस-१ (पाचवा मणका आणि त्याखालचं हाड यांमधली). कंबरेच्या एमआरआय रिपोर्टमध्ये ही दोन नावं सारखी का दिसतात ते यावरून कळेल. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, तेवढं वजन पोटाला बांधून लोकलमध्ये उभं राहायचं, जिने चढायचे, लादी पुसायची, असा विचार करून बघा.

पण नुसतं ओझ्याचं हे प्रकरण नाही. जाड माणसांमध्ये हाताच्या बोटांच्या सांध्यांची झीजसुद्धा जास्त दिसते, आणि हातावर तर कोणी चालत नाही. कारण पोटातली चरबी गप्प पडून राहत नाही, ती सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडत असते. शिवाय काही जणांमध्ये मणक्यांच्या आतल्या नळीतही चरबी साठते आणि नसांना जागा कमी पडते, वजन उतरलं की ही चरबीही उतरू शकते.

इस्रायलमधल्या डॉक्टरांनी बॅरिॲट्रिक ऑपरेशन झालेल्या ३० जणांचा अभ्यास २०१२ साली छापला होता. वर्षभरानंतर एल-४ एल-५ मधलं सरासरी अंतर ६ मिलिमीटरवरून ८ मिलिमीटर झालेलं आणि कंबर, पाय दोन्हींचं दुखणं कमी झालेलं. भारी वाटतं वाचायला, पण याचा अर्थ झिजलेली चकती नवी होते असा नाही, दाबलेली होती ती थोडी मोकळी झाली एवढाच. आणि झिजेला फार घाबरू पण नका, ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनमध्ये विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत चकतीची झीज दिसते. एमआरआय बघून नाही, तुम्ही काय करू शकता आणि काय करताना अडता ते बघून पुढचं ठरवायचं.

पायरी शून्य: वजन तुम्ही उतरवताय की ते आपोआप जातंय?

हे मुद्दाम सगळ्यात आधी घेतलंय. काहीही प्रयत्न न करता वजन कमी होतंय आणि सोबत कंबर किंवा पाठ दुखतेय, तर प्लीज "बरं झालं, बारीक झालो" म्हणून खूश होऊ नका. आपल्याकडे याचं एक मोठं कारण मणक्याचा टीबी. खोकला असेलच असं नाही, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, भूक मेलेली, एकाच मणक्यावर बोट ठेवलं की कळ, असं आठवडेच्या आठवडे चालू राहतं आणि लोक बाम चोळत, मालिश करून घेत बसतात. लवकर सापडला तर बहुतेकांचा औषधांनी बरा होतो, उशीर झाला तर मणका खचून कुबड येतं, पायातली ताकद जाऊ शकते. दुसरं कारण कॅन्सर, दुसरीकडून हाडात पसरलेला किंवा मायलोमासारखा, म्हणजे हाडांच्या मज्जेतला. आडवं पडल्यावरही न थांबणारं, झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आधी तपासणी, डाएट नंतर.

आणि एक इमर्जन्सी सगळ्यांनी लक्षात ठेवा, जाड असा की बारीक. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मध्ये सायकलच्या सीटला टेकणारा जो भाग असतो तो बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद कमी होत जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

पायरी एक: सुरुवातीची नोंद

वजन लिहून ठेवताच, सोबत कंबरेचा घेर पण लिहा, बेंबीच्या पातळीवर टेप धरून, श्वास सोडून. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर घेर म्हणजे धोक्याची बाजू. मग दुखणं कशाने वाढतं ते लिहा. वाकल्यावर, खूप वेळ बसल्यावर वाढतं, की उभं राहिल्यावर आणि चालल्यावर वाढून बसल्यावर थांबतं? पायात जातं का, कुठपर्यंत? मोबाइलवर व्हॉइस नोट केली तरी चालेल. तीन महिन्यांनी माणूस "काहीच फरक नाही" म्हणतो, आणि नोंद काढून बघावी तर आधी दहा मिनिटं उभं राहवत नव्हतं, आता अख्खी पोळ्यांची कणीक उभ्याने संपवते.

रक्ताच्या तपासण्यांमध्ये व्हिटॅमिन डी, बी-१२, कॅल्शियम, हिमोग्लोबिन आणि शुगर करून घ्या. पाळी गेलेल्या बायका, किंवा बायपास प्रकारचं (हृदयाचं नव्हे, वजन उतरवायचं जठराचं) ऑपरेशन ठरलेलं असेल ते, यांनी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारा.

पायरी दोन: वेग आणि ताट

डाएट आणि व्यायामाने उतरवत असाल तर आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. ऑपरेशन किंवा इंजेक्शनमध्ये वेग आपल्या हातात तेवढा राहत नाही. सेमाग्लुटाइडच्या (वेगोव्हीतलं औषध) मोठ्या ट्रायलमध्ये ६८ आठवड्यांत सरासरी जवळपास १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपेटाइडच्या (माउंजारोतलं औषध) जास्तीच्या डोसला ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास. मोठं वजन उतरतं तेव्हा गेलेल्या किलोंमधला साधारण पाव हिस्सा चरबी सोडून बाकीचा असतो, त्यात स्नायू आले. म्हणजे कण्याला धरून ठेवणारा जो आधार, तोच आपण सोबत घालवतोय. म्हणून प्रोटीन.

टार्गेट वजनाच्या दर किलोला १.२ ग्रॅमच्या आसपास धरा, म्हणजे ७० किलोवर यायचं असेल तर दिवसाला ८० ते ८५ ग्रॅम. ऑपरेशनवाल्यांना साधारण ६० ते ८० ग्रॅम सांगतात, तुमच्या डायटिशियनने दिलेला आकडा पाळा, आणि किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही वाढवू नका. आता आपल्या घरात नेहमी ऐकू येणारी गोष्ट, "वरण आहे की रोज". वाटीभर वरणात ५-६ ग्रॅम असतं हो फक्त. त्यात दोन अंडी १२, मोठा कप दूध ८, शंभर ग्रॅम पनीर १८, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स २५, असं जोडत गेलात तर ७० च्या जवळ पोचता. मासे-चिकन खाणाऱ्यांचं सोपं आहे, उपासवाल्यांचं अवघड. आठवड्यातून दोन उपास आणि त्यात साबुदाणा, वर भूक मारणारं इंजेक्शन, असं कॉम्बिनेशन असेल तर स्नायू जाणारच. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी दूध, दही, पनीर, शेंगदाणे तरी पोटात जाऊ द्या. इंजेक्शनवाल्यांनी ताटातलं प्रोटीन आधी संपवायचं, भात-पोळी मागून, कारण चार घासांत पोट भरतं आणि मग उरतं तेच नेमकं कामाचं असतं.

पायरी तीन: व्यायाम, पण क्रमाने

खूप वजन असताना डायरेक्ट जिममध्ये जाऊन क्रंचेस मारणं किंवा सोसायटीत रनिंग सुरू करणं, हे करू नका. सुरुवात चालण्याने. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेली एक ट्रायल २०२४ मध्ये आली, कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले लोक होते, एका गटाला टप्प्याटप्प्याने चालणं वाढवायला सांगितलं, सहा महिन्यांपर्यंत आठवड्यातून पाच वेळा ३० मिनिटं. चालणाऱ्यांमध्ये निम्म्या लोकांचं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांमध्ये ११२. फुकटातलं औषध आहे हे. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा चाला, आणि चालताना कंबर भरून येत असेल तर बाकावर बसून, थोडं पुढे वाकून, परत उठून चाला. गुडघे साथ देत नसतील तर पूलमध्ये छातीएवढ्या पाण्यात चालणं बेस्ट, पण ती सोय सगळीकडे नसते.

दुसऱ्या टप्प्यात कण्याला स्थिर ठेवणारे व्यायाम. कॅनडाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम जगभर वापरतात, त्यातला माझा सगळ्यात आवडता बर्ड डॉग. चटईवर हात आणि गुडघे टेकून घोड्यासारखं व्हायचं, हात बरोबर खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली. कंबरेवर एक रिकामी प्लॅस्टिकची वाटी ठेवायला सांगा कोणाला तरी. आता उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करायचा, पाय उंच नेण्याचा अट्टहास नको, जमिनीला समांतर पुरे. वाटी पडली म्हणजे कंबर वळली. पहिल्या दिवशी सगळ्यांची पडते, जिममध्ये जाणाऱ्या पोरांची पण. मग पाय उचलायचाच नाही, पंजा जमिनीवरून नुसता मागे सरकवायचा, तेवढ्यातच वाटी टिकवायची, आणि ते जमलं की उचलायचं. आठ-दहा सेकंद धरायचं, श्वास चालू ठेवायचा, बाजू बदलायची. प्रत्येक बाजूला पाच-सहा वेळा केलं तरी बास. सोबत त्या तिघांतलाच साइड प्लँक (कुशीवर, कोपर टेकून शरीर उचलून धरणं) गुडघ्यावर, भिंतीला टेकून केला तरी सुरुवातीला चालतो, आणि त्या तिघांबाहेरचा ब्रिज, म्हणजे उताणं झोपून गुडघे वाकवून नितंब वर उचलणं.

तिसरा टप्पा वजनांचा, आणि हाच लोक टाळतात, खास करून बायका, "मला बॉडी नाही बनवायची" म्हणत. अहो कोणाची बनत नाही इतक्या सहज. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून उठबस, रबरी बँड ओढणं, हातात दोन लिटरच्या बाटल्या घेऊन खुब्यातून वाकणं, एवढ्याने सुरुवात होते, पुढे वजन हळूहळू वाढवायचं. स्नायूला कळलं पाहिजे की त्याची अजून गरज आहे, नाहीतर शरीर त्याला मोडीत काढतं.

ऑपरेशन झालेल्यांनी चालणं लगेच सुरू करायचं, हॉस्पिटलमध्येच उठवतात, पण जड उचलणं आणि पोटावर ताण येणारे व्यायाम तुमच्या सर्जननी हो म्हटल्याशिवाय नाही. साधारण चार ते सहा आठवडे थांबवतात.

पायरी चार: पोट गेलं, उभं राहायची सवय राहिली

हे माझ्या ओपीडीत इतकं दिसतं. २५ किलो उतरलेले असतात, पोट जाऊन सहा महिने झालेले असतात आणि तरी माणूस उभा राहतो तो पोट पुढे, खांदे मागे, कंबरेत खोलगट बाक, जसा पूर्वी तोल सावरायला उभा राहायचा तसाच. आता सावरायला काही उरलेलं नाही, पण शरीर जुन्याच हिशोबाने चालतं. भिंतीला टाचा, नितंब, पाठ टेकून उभे राहा, कंबरेमागे हात घाला. तळहात जेमतेम आत जातो इतकी जागा बरोबर, अख्खी मूठ जात असेल तर बाक जास्त आहे. मग बेंबी किंचित आत, बरगड्या खाली, तसेच दोन-तीन श्वास, आणि तस्सेच भिंतीपासून दूर चालत या. दात घासताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, कधीही करा.

गादी पण बघा. कंबरदुखीला फरशीवर किंवा लाकडी फळीवर झोपा हा सल्ला आपल्याकडे अजून चालतो, आणि बारीक झालेल्या माणसाला तर तो फारच टोचतो. मध्यम कडक गादी एकदम कडक गादीपेक्षा कंबरदुखीला बरी ठरलीय. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या.

पायरी पाच: नव्या दुखण्यांची ओळख

यावर जरा जास्त वेळ घालवते, कारण इथेच सगळी गल्लत होते, वजन उतरल्यावर सुरू झालेलं प्रत्येक दुखणं "चकतीचंच" म्हणून ढकललं जातं.

माकडहाड. बसल्यावर अगदी टोकाला दुखतं, खुर्चीतून उठताना कळ येते. जाडीत पण होतं आणि भरभर बारीक झाल्यावर पण, कारण खालची गादी गेली. मधे खाच असलेली उशी घ्या, बसताना जरा पुढे झुका, बाइकवरचा लांब प्रवास काही दिवस टाळा. बहुतेकांचं काही आठवड्यांत, कधी महिन्यांत शांत होतं.

पाऊल लटकणं. मागे एक काका आले होते, तक्रार काय तर डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटते आणि पाऊल फरशीवर फटकन आपटतं. वजन बरंच आणि पटकन उतरवलेलं. घरच्यांनी नस दबली म्हणून एमआरआय करून आणलेला, आणि त्यात एल-४ एल-५ ला थोडा फुगवटा होताच, त्या वयात असतोच. पण कंबर दुखत नव्हती, आणि पाऊल आतल्या बाजूला वळवायची ताकद शाबूत होती. विचारल्यावर कळलं की रोज सकाळी तास-दीड तास मांडी घालून जपाला बसतात, आणि टीव्हीसमोर पायावर पाय टाकून. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंचित खाली चाचपलं तर हाडाची एक गाठ लागते, तिला वळसा घालून एक नस पावलाकडे जाते, वरची चरबी गेली की ती नस उघडी पडते आणि मांडीत, उकिडवं बसण्यात चेपली जाते. नसांची एनसीव्ही टेस्ट केली की जागा कळते. जप खुर्चीवर, पायावर पाय बंद, पावलाला स्प्लिंट (आधाराची पट्टी) आणि व्यायाम, असं दिलं त्यांना. बहुतेकांची नस सावरते, वेळ मात्र लागतो. म्हणून भरभर वजन उतरत असताना जमिनीवर तासन्‌तास एकाच बैठकीत बसू नका, पंधरा-वीस मिनिटांनी पाय मोकळे करा.

मुंग्या येणं. दोन्ही पावलांत सारख्या मुंग्या, बधिरपणा, चालताना कापसावर चालल्यासारखं, याला सगळे सायटिका (कंबरेतली नस दबून पायात उतरणारं दुखणं) म्हणतात, पण सायटिका बहुधा एका पायात असते. दोन्हीकडे असेल तर बी-१२ आधी बघा. शाकाहारी, शुगरची मेटफॉर्मिन घेणारे आणि बायपास झालेले, या तिघांनाही कमतरतेचा धोका जास्त, आणि तिन्ही गोष्टी एकाच माणसात असणं आपल्याकडे काही विशेष नाही.

उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली दुखणं. जेवणानंतर, विशेषतः तेलकट-तुपकट जेवणानंतर, पोटाच्या वरच्या उजव्या बाजूने सुरू होऊन पाठीत जातं, मळमळतं. वजन भरभर उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्याची ही कळ असू शकते. ऑपरेशननंतर काही महिने त्यासाठी गोळी पण देतात बऱ्याच ठिकाणी. सोनोग्राफीत दिसतं, पाठीला शेक देऊन काही होणार नाही. ताप किंवा कावीळ दिसली तर थांबू नका.

लोंबणारी कातडी. पोटाची सैल झोळ पुढे ओढत राहते, खाली घाम साचून पुरळ येतं, आणि त्या भीतीने लोक व्यायामच सोडतात. व्यायामाच्या वेळेपुरता पोटाला घट्ट बसणारा कपडा वापरा. कातडी काढायचं ऑपरेशन करायचं असेल तर निदान सहा महिने वजन एका जागी टिकलेलं असावं लागतं.

पायरी सहा: हाडं

वजन कमी झालं की हाडांवरचा भार कमी होतो, मग हाडं पण थोडी पातळ होतात, खुब्याची जास्त. बायपासनंतर फ्रॅक्चरचा धोकाही वाढतो. बॅरिॲट्रिकनंतर दिवसाला एकूण १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आहार आणि गोळ्या धरून, आणि बायपासवाल्यांना सायट्रेट प्रकारच्या गोळ्या जास्त सोयीच्या. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र गिळू नका, दोन तासांचं अंतर ठेवा. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आंबील, भाकरी, काहीही करा. मिश्री आणि तंबाखू चालू असेल तर हाडं आणि चकत्या दोन्हींचं नुकसान चालूच राहतं, वजन कितीही उतरवा. साध्या वाकण्याने किंवा शिंकल्यावर पाठीत एकदम कळ येऊन मधोमध दुखत राहिलं, विशेषतः साठीनंतर, तर एक्स-रे काढा.

आणि एवढं करूनही दुखत राहिलं तर

सहा ते आठ आठवडे नियमित व्यायाम केला, वजन उतरतंय, तरी दुखणं जागेवरच आहे, तर मग मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा, कारण वजनाशी संबंध नसलेली कारणंही असतात. पहाटे कंबर आखडते आणि हालचालीने सुटते, वय चाळिशीच्या आत, असं असेल तर तो सांध्यांचा दाह असू शकतो, त्याची औषधं वेगळी. कंबरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक, दिवसभर लावून ठेवलात तर स्नायूंना सुट्टी मिळते. इंजेक्शन बंद करायचं ठरलं तर पुष्कळांचं वजन परत चढतं, आणि परत येताना चरबी आधी येते, गेलेले स्नायू आपोआप येत नाहीत, म्हणून बंद करायच्या दोन-तीन महिने आधीच वजनांचा व्यायाम पक्का बसलेला हवा. आणि सिलिंडर बदलायची वेळ आली तर तो उचलू नका, कडेवर कलता करून गोल गोल फिरवत न्या, भरलेला ३० किलोच्या आसपास असतो.